पांढऱ्या खारीचा दहावा

कुरवंडे,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सृष्टी,

आशीर्वाद. लग्नाचं विचारायला लिहीत नाही, तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच.

तू त्या अरुणाचलात जाऊन बसलीस. तिथं म्हणे मोबाइलला रेंज नाही आणि टपाल रेशनच्या जीपनं येतं. बरंच झालं. सगळी हयात रेल्वेत घाट सेक्शनला गेली, मला रिपोर्ट लिहायची सवय. फोनवर मला बोलणं जमत नाही, आणि बोललोच तर तुझी काकी मागून दुरुस्त्या सांगते.

तर रिपोर्ट असा. आपल्या परसातल्या फणसावर खार आलीय. खारी काय, रोजच असतात. पण ही पांढरी! पाठीवर पट्टे नाहीत, काही नाही, टिनोपॉलमध्ये बुडवून काढल्यासारखी. मला आधी वाटलं, पाहुण्यांचा रुमाल उडून अडकलाय. काठीनं काढायला गेलो तर रुमाल वर पळाला.

तुला माहीत आहे, मागच्या चार खोल्या मी नागफणीचा सुळका बघायला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देतो. पण नागफणी काय, सगळ्यांच्याच अंगणातून दिसते. रखमाजीच्या हॉटेलातून तर जास्तच दिसते आणि वर त्याच्याकडं पोहायचा टँक आहे. माझ्याकडं काय होतं? धुकं. आता खार आहे. खोल्यांचं नाव 'व्हाइट खार हॉलिडे होम' ठेवायचं ठरवलंय.

म्हणून तुला विचारतो. वेगळ्या रंगाची लहान जनावरं रानात किती टिकतात, याच विषयात तू डॉक्टर होणार आहेस ना? मग ही किती टिकेल ते सांग. बोर्ड पत्र्यावर काढून घेऊ की फ्लेक्सवर? पेंटर खोळंबलाय.

काकी बरी आहे. कोड आता गळ्यापर्यंत आलंय, पण त्रास काही नाही. पाहुणे आले की ती आपली आत असते. तिला माणसांची आवडच नाही.

तुझा नाना

---

संशोधन तळ, अरुणाचल
१२ डिसेंबर २०२४

प्रिय नाना,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं आणि मग तंबूत नाचले. बाहेर स्वयंपाकी विचारत होता, मॅडमला साप चावला का?

आधी तिचे डोळे बघा. गुलाबी असतील तर दृष्टी अधू असणार. काळे असतील तर फक्त केसांतला रंग गेलाय, बाकी ती धडधाकट आहे. तरीही नाना, अशा जनावरांचं खरं नसतं. साध्या खारीचे पट्टे सालीत आणि सावलीत मिसळून जातात, वरून शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला काही कळत नाही. पांढरी खार त्याला रखमाजीच्या छपरावरूनही दिसेल. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण यावरच आहे. पांढरे उंदीर, पांढऱ्या चिचुंद्र्या, पांढऱ्या खारी, अशा सोळा नोंदी मिळाल्यात आणि बहुतेक सगळ्या वर्षाच्या आत गायब. तुमची सतरावी.

म्हणून हात जोडते, काहीही करू नका. खायला घालू नका, राखण करू नका. जे होईल ते होऊ द्या आणि मला कळवत राहा.

माझे गाइड सर महिन्यातून एकदा तळावर येतात. ते तर इतके खूश झाले! म्हणाले, जूनच्या आत तिचं काही बरंवाईट झालं तर तुझं प्रकरण पूर्ण होईल. वाचायला वाईट वाटतं, पण शास्त्रात असंच असतं.

पत्रा नको. फ्लेक्सच करा.

तुमची सृष्टी

---

कुरवंडे,
६ जानेवारी २०२५

चि. सृष्टी,

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांगू नकोस.

एका मुक्या जनावरानं जूनच्या आत मरावं म्हणून दोन शिकलेली माणसं वाट बघत बसलीत! आमच्या रेल्वेत गाडी घसरायची वाट कुणी बघत नव्हतं, चौकशी समितीतली माणसंसुद्धा नाहीत. 'काहीही करू नका' म्हणालीस ना? मग सगळं करायला घेतलं.

ठाकरवाडीतल्या बहिरूला राखणीला ठेवलाय. तू ओळखतेस त्याला, गोफण चालवतो. सकाळपासून फणसाखाली खुर्ची टाकून बसतो आणि शिक्रा दिसला की दगड सोडतो. शिक्र्याला अजून एकही लागला नाही, रखमाजीच्या सोलरला मात्र दोन लागले. त्याबद्दल मी बहिरूला काही बोललो नाही. मांजरं गोणीत भरून भुशी धरणाच्या बाजूला सोडून आलो. त्यातलं एक माझ्या आधी घरी पोचलं.

पाहुण्यांची तक्रार होती की पानांत खार दिसत नाही. खरंच होतं ते. म्हणून फणसाच्या खालच्या फांद्या उतरवल्या. आता कुठूनही बघ, खार स्वच्छ दिसते. संध्याकाळी हॅलोजन लावतो. शनिवार-रविवार अंगणात पाय ठेवायला जागा नसते, गाड्या पार वळणापर्यंत. आणि माणसं काय काय खायला घालतात! चिक्की तर आहेच. लोणावळ्याला येऊन चिक्की घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही आणि घेतलेली स्वतः खाववत नाही. खार इतकी गुबगुबीत झालीय की परवा या फांदीवरून त्या फांदीवर जाताना मध्येच खाली आली. टाळ्या पडल्या.

गावातलीही येतात. अंबूबाई हळदकुंकू वाहून गेली, तेव्हापासून चपला बाहेर काढायला लावतो. रखमाजी सांगत फिरतोय की मी खारीला ब्लीच मारलंय. त्यानं टँकपाशी पांढरा ससा आणून ठेवलाय, पण सशाला कोण विचारतं?

डोळे काळे आहेत. हे काकीनं सांगितलं, कारण मला ती खार जवळ फिरकू देत नाही. काकीच्या मात्र हातावर बसते म्हणे, पहाटे, न्हाणीपाशी, दाणे खायला. मी म्हटलं, मग बसव की पाहुण्यांसमोर, फोटो तरी निघतील. तर तोंड फिरवून आत गेली. काही बायकांना धंदा कळत नाही.

बोर्ड पत्र्यावरच केला.

तुझा नाना

---

संशोधन तळ
४ फेब्रुवारी २०२५

नाना,

तुम्ही कमाल केलीत. पत्र वाचून डोक्याला हात लावून बसले.

पानं हाच तिचा आडोसा होता आणि तुम्ही तोच तोडलात! मांजर नेऊन सोडायचं, गोफण लावायची आणि मग खारीला ताटात वाढून शिक्र्यापुढं ठेवायची, वर हॅलोजन लावून! चिक्कीनं सुस्त झाली तर ती पळणार कशी? खारीला मधुमेह होतो की नाही यावर अजून कुणी अभ्यास केलेला नाही, तुम्ही करून दाखवाल.

सरांना सांगितलं. म्हणाले, चिक्की खाणारी खार जंगली कसली, नोंद रद्द. मग चहा पिऊन थोडा विचार केला आणि म्हणाले, मात्र शिक्र्यानं नेली तर घेऊ. शिक्रा जंगली आहे.

मला हसू आलं नाही, नाना. मला ती प्रकरणात हवीय हे खरं आहे आणि ती मरू नये असंही वाटतं, हेही खरं आहे. दोन्ही एकदम कसं वाटतं, मला सांगता येत नाही.

ती जगायची असेल तर एकच उपाय आहे. तिला कुणी बघता कामा नये. ना शिक्र्यानं, ना तुमच्या पाहुण्यांनी. तुम्ही ऐकणार नाहीच. निदान काकीला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा. तिच्या हातावर बसते ना ती?

सृष्टी

---

कुरवंडे,
२४ मार्च २०२५

चि. सृष्टी,

लिहायला हात होत नाही. आपली खार गेली.

रविवार होता, अंगण भरलेलं. बहिरू चहा प्यायला गेला तेवढ्यात शिक्रा आला, फणसात घुसला आणि एक खार उचलून दरीकडं गेला. कुठली नेली ते कुणाला सांगता येईना. चाळीस-पन्नास माणसं होती, सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि सगळी झाडाकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. त्या दिवसापासून पांढरी खार कुणाच्या दृष्टीस पडली नाही. आता काय समजायचं ते समजलो.

गावानं मात्र तिचं केलं. एसटी थांब्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला. मधोमध खार, खाली शोकाकुल म्हणून गावातले सगळे इच्छुक उमेदवार, काळा चष्मा लावून. रखमाजीचा फोटो खारीपेक्षा मोठा आहे. शोकसभेत त्यानं गळा काढला आणि टँक सर्वांसाठी खुला आहे असं जाहीर केलं.

दहावा घातला. अंबूबाईनं हट्टच धरला, देवाचं जनावर होतं म्हणून. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. कसा शिवणार? बहिरूच्या गोफणीनं आळीतले सगळे कावळे परागंदा झालेले. ऊन चढलं, माणसं ताटकळली. मी मनात म्हटलं, बाई, तुझ्या फांद्या तोडल्या, चुकलं, पण आता सोडव. तेवढ्यात एक साधी खार सरळ खाली उतरली आणि पिंड खात बसली. इतकी मळकी खार मी जन्मात पाहिली नाही, जशी काही कोळशाच्या इंजिनातून उतरलीय. सगळ्यांनी हात जोडले. तुझी काकी तेवढी तोंडाला पदर लावून आत पळाली. तिला फार लागलंय.

तिचंही काही खरं नाही. हल्ली एरंडेलाच्या दिव्यावर तवा धरून काजळ पाडत बसते. इतकं काजळ घालते तरी कुठं? त्यात तिच्या बोटाला कुकरची वाफ लागली, तर लोणावळ्याच्या दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वाफेला एवढ्या सुया लागतात हे मला नवीनच.

खोल्या रिकाम्या आहेत. बोर्ड उतरवून भंगारात दिला. तुला म्हणून सांगतो, त्या दिवशी परसात जाऊन रडलो. खोल्यांसाठी नाही. हसू नकोस.

सरांना कळव. त्यांचं काम झालं.

नाना

---

संशोधन तळ
१४ एप्रिल २०२५

प्रिय नाना,

हसले नाही. मीही रडले.

सरांनी हात मिळवला आणि जीपमधून आणलेला पेढा दिला. खाल्ला मी तो. सतराव्या नोंदीपुढं 'शिक्र्याने नेली' असं लिहिलं आणि चौथं प्रकरण पूर्ण झालं. जूनमध्ये प्रबंध देईन आणि घरी येईन. इतकी वर्षं याचीच वाट बघत होते, आणि आता मेलं सारखं तुमचं अंगणच डोळ्यांपुढं येतं.

काकीला माझ्यासाठी चार ओळी लिहायला सांगा. मला तिची काळजी वाटते. वाफेच्या सुया नसतात, नाना.

सृष्टी

---

कुरवंडे
२ मे

सृष्टे,

नाना इंदुरीला लग्नाला गेल्यात, तवर लिव्हून घेते. सातवी शिकल्येय, शुद्ध-अशुद्ध बघत बसू नको.

मेली न्हाई गं ती. चांगली जिती हाय. आत्ता हितं चुलीपाशी बसून दाणं खातीया.

सारं सांगते. तुझ्या नानांनी तिचा बाजार मांडला तवा मला नानांचा राग आला न्हाई, तिचाच आला. खरं सांगते. माझ्या लग्नाला तिसरं वरीस लागलं अन् हातावर डाग उठलं. तवापासनं माणसं आदी डागाकडं बघत्यात, मग माझ्याकडं. नाना वाईट न्हाईत. कदी टाकून बोलल्याले न्हाईत. पर दारात गाडी वाजली की म्हनत्यात, "आत व्हय जरा." तुला लिव्हलं व्हतं ना त्यांनी, मला मानसांची आवड न्हाई म्हून? मला कुणी इचारलं व्हतं? अन् पांढऱ्या खारीला बघाया साऱ्या मुंबईला हाका मारत्यात! मी खिडकीतनं बघायची अन् मनात म्हनायची, लय नशिबाची गं तू बये.

मग एक दिस नीट बघितलं. खाली ही गर्दी, अन् ती शेंड्याला थरथरा कापत बसलीया. कुटं जावं ते तिला कळंना. फांद्या तर तोडल्याल्या. मला माझंच डागाचं पहिलं वरीस आठवलं.

लेकराला लावतो तशी आदी नुसती तीट लावली, कानामागं, काजळाची. दिष्ट लागू नये म्हून. तेवढ्यात तुझं पत्र आलं. नानांनी मोठ्यानं वाचलं, तिला कुनी बघता कामा नये. म्हटलं, पोरगी शिकल्याली हाय, बरुबर बोलती. मग काजळ पाडलं, तेलात कालवलं अन् शिक्रा आला त्याच ऐतवारी पहाटे तिला धरून सगळ्या अंगाला चोपडलं. पाठीवरनं बोटानं पुसून तीन पट्टं बी काढलं. अगदी हुबेहूब! पयल्या दिशी कडाडून चावली. त्या सुया तिच्या. वाफबिफ काय न्हाई.

शिक्र्यानं नेली ती दुसरीच, साधी, पट्ट्याची. तिचा दहावा कुनी घातला न्हाई बग. अन् दहाव्याला हीच माजी सवत सगळ्यांम्होरं सवताचा पिंड खाऊन गेली. हसून हसून माजा जीव जायची पाळी आली.

आता तू सांग. जिती हाय म्हून लिव्हलंस तर तुजं सर कॅमेरं घिऊन येतील, मागनं गाड्या येतील, अन् पुना त्येच. मेली म्हून ऱ्हाऊ दिलंस तर जित्या जिवाला मेली म्हनल्यागत व्हतंय, त्ये मला सोसत न्हाई. तू एवडी शिकलीस, तिसरं काय आसंल तर बग.

उत्तर अंबूबाईच्या पत्त्यावर घाल. तिला ठावं हाय.

काकी

---

संशोधन तळ
३० मे २०२५

काकी,

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते.

तिसरं मिळालं. सतरावी नोंद खोडून टाकली. सरांना म्हटलं, या जनावराला माणसांचा हात लागला होता, ते धरता येणार नाही. खोटं त्यात काही नाही, हो ना? सर म्हणाले, मग सोळांवरच भागव. तेव्हा तोंडातून निघून गेलं की सर, त्या सोळांतली खरंच मेली किती आणि कुणाच्या चुलीपाशी बसलीत किती, हे तरी आपल्याला कुठं माहीत आहे? आपल्याला दिसली नाहीत, म्हणून आपण मेली लिहिलं. सरांनी वही मिटली. मग जीपमध्ये बसून निघून गेले, पेढे घेऊन.

चौथं प्रकरण नव्यानं लिहायचं. डिग्री लांबली. आईला तू सांग, माझी हिंमत नाही.

आता नीट ऐक. डोळ्यांजवळ काजळ लावू नकोस, ती चाटते. बूटपॉलिश, कलप असलं काही तर अजिबात नको. आणि पावसाळ्यात काजळ टिकायचं नाही, ओघळेल. तोवर फणसाला नवी पालवी येईल. ती वाढू दे, नानांना विळा हातात घेऊ देऊ नकोस. पण नानांपासून किती दिवस लपवशील? मला त्याचीच भीती वाटते. एकदा त्यांनी हाक मारली की खार संपली.

तुझी सृष्टी

---

कुरवंडे,
१९ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टी,

तुम्ही दोघी मला काय समजता ते कळलं. अंबूबाईच्या पोटात काही राहत नाही, पण तिनंसुद्धा तोंड उघडलं ते काल, सगळं झाल्यावर.

रिपोर्ट असा. लाँग वीकएंड होता. भुशीला मुंगीला शिरायला वाव नव्हता, पोलिसांनी गाड्या अडवल्या, म्हणून मुंबईची एक पार्टी माझ्याकडं आली. चारही खोल्या भरल्या, किती महिन्यांनी! सकाळी ओट्यावर सगळी चहाची वाट बघत बसलेली. पाऊस बारीक. मी त्यांना नागफणी कुठल्या बाजूला आहे ते धुक्यात बोटानं दाखवत होतो.

तेवढ्यात परसाच्या भिंतीवर खार आली. भिजलेली. अंगावरून काळं पाणी ओघळत होतं आणि खालून पांढरी होत चाललेली. माझ्या डोळ्यांदेखत, सृष्टी! मी जिचा दहावा घातला तीच खार!

काकी आतून धावत आली. डोक्यावर पदर नाही, बाह्या वर, तशीच पावसात. तिनं खार उचलली आणि पोटाशी पदरात घेतली. ओट्यावरची सगळी उठून उभी राहिली. मोबाइल निघाले. एक जण म्हणाला, "अंकल, वो क्या था? सफेद सफेद?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. तुझ्यापासून काय लपवू? डोळ्यांपुढं वळणापर्यंत गाड्या उभ्या राहिल्या, रखमाजीचं तोंड उभं राहिलं. काकी माझ्याकडं बघत होती. हात, गळा, तोंड, कोडाचं सगळं अंग उजेडात, आणि सगळी माणसं तिच्याकडं बघतायत. तरी ती आत गेली नाही. आत जाताना खार पदरातून दिसली असती म्हणून ती तशीच उभी राहिली. आमच्या लग्नाच्या मंडपातसुद्धा मी तिला इतकं नीट बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "खार है. साधी. राख में लोटती है, पागल है."

मोबाइल परत खिशात गेले. राखेतल्या खारीचा फोटो कोण काढतो? पण तो बाबा पक्का. आवाज बारीक करून म्हणतो, "और वो आंटी?"

आजवर कुणी असं विचारलं की मी काय सांगत आलो, ते तुला लिहीत नाही. तिला ते ऐकू जात होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

मी म्हटलं, "मालकीण है. चाय उनकोच बोलो."

त्यानं सांगितलं. ती खार आत ठेवून स्वतः ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांसमोर. हात धुवायचे विसरली होती, प्रत्येक कपाला काजळाची बोटं. मी पहिला कप उचलला. मग बाकीच्यांनी घेतले. एका बाईनं साखर मागितली.

नाना